पडद्यावर हलतं ते खरं असावं

बाजारात हल्ली एक दृश्य सगळीकडे दिसतं. गिऱ्हाईक क्यूआर कोड स्कॅन करतं, पैसे पाठवतं आणि मोबाइल दुकानदारासमोर धरतं. पडद्यावर हिरवं वर्तुळ फुगतं, त्यात टिक उमटते. दुकानदार तिकडे बघतही नाही. त्याचा कान गल्ल्याशेजारच्या छोट्या स्पीकरकडे असतो. ‘पन्नास रुपये प्राप्त झाले’ असं त्या डबीनं सांगितलं, की मगच भाजीची पिशवी पुढे येते.

त्याचं काही चुकत नाही. हुबेहूब तसंच वर्तुळ, तशीच टिक आणि तसाच आवाज काढणारी बनावट पेमेंट ॲप निघाली. अनेक शहरांत त्यावरून पोलिसांत तक्रारी झाल्या आणि फसलेल्यांकडून बाकीच्यांनी धडा घेतला, की समोरच्याच्या पडद्यावर जे हलतं त्यावर विसंबायचं नाही. यूपीआय सुरू झालं २०१६ मध्ये. एवढ्या थोड्या वर्षांत हातगाडीवाल्यानं इंटरफेस डिझाइनमधला, म्हणजे पडद्याच्या रचनेतला, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न ओळखला. डिझाइनच्या चर्चांमध्ये मात्र तो क्वचितच कुणी विचारतं. पडद्यावर काही हललं, तर ते हलणं खरं आहे का?

माझं म्हणणं असं, की ॲनिमेशनकडे निव्वळ सजावट म्हणून बघणं आता सोडायला हवं. पडद्यावरची हालचाल काहीतरी सांगत असते. काम चालू आहे, पैसे गेले, यादी संपली, फाइल त्या कोपऱ्यात गेली, वेळ संपत आली. सांगणं आलं की खरं-खोटं आलं. आणि पाहणाऱ्यावर ते लादायचं का, हा प्रश्नही आला. दुकानातल्या वजनकाट्यावरचा आकडा आपण दुकानदाराच्या सौंदर्यदृष्टीवर सोडत नाही. वैधमापन विभाग काटा तपासतो, त्यावर शिक्का मारतो. अर्ज, पैसे, तिकीट, औषध, पेन्शन हे सगळं ज्या पडद्यावर आलं, तिथल्या हालचालींनाही अशीच जबाबदारी हवी.

मी ॲनिमेशनच्या विरोधात नाही. उलट चांगली हालचाल काय करू शकते, हे पाहिल्यावरच वाईट हालचालींचा राग येतो.

आयफोनवरची एखादी यादी खाली सरकवत नेली, की शेवटाशी ती एकदम थांबत नाही. बोटाबरोबर थोडी जास्तच ताणली जाते, खाली रिकामी जागा दिसते आणि बोट उचललं की यादी परत जागेवर येऊन बसते. बास ऑर्डिंग या डच डिझायनरनं ॲपलमध्ये हे घडवलं. त्याआधीच्या त्याच्या नमुन्यात यादीचं टोक आलं की पडदा नुसता थांबायचा. थांबलेला पडदा आणि अडकलेलं यंत्र दिसायला सारखंच. बोट फिरतंय, पण काही होत नाही. मग यादी संपली की फोन बिघडला? ऑर्डिंगनं त्या टोकाला थोडा ताण दिला आणि प्रश्न मिटला. स्टीव्ह जॉब्सनं २०१० मध्ये जाहीर मुलाखतीत सांगितलं, की रबरासारखं ताणलं जाणारं ते सरकणं पाहिल्यावर यातून फोन बनवता येईल असं त्याला वाटलं. पुढे त्याचं पेटंट झालं आणि २०१२ मधल्या ॲपल विरुद्ध सॅमसंग खटल्यात ज्युरींसमोर त्यावर वाद झाला. अँड्रॉइडनं बरीच वर्षं टोकाशी नुसती चमक दाखवली. २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ पासून तिथेही मजकूर ताणला जाऊ लागला.

एवढ्याशा हालचालीवर दोन बलाढ्य कंपन्या कोर्टात का भांडल्या? कारण अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळात ती तीन गोष्टी सांगते. तुमचं बोट मला कळतंय. फोन चालू आहे. पुढे आणखी काही नाही. यातली एकही गोष्ट खोटी नाही. आणि बोट उचललं की हालचालही संपते, ती तुमच्या डोळ्यांपुढे रेंगाळत नाही.

अशा हालचालीची गरज का पडते, याचं कारण आपल्या नजरेत आहे. रॉनल्ड रेन्सिंक आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एकाच प्रसंगाची दोन चित्रं आलटून पालटून दाखवायची, त्यांत एक ठळक फरक ठेवायचा आणि मध्ये क्षणभर कोरा पडदा आणायचा. विमानाचं इंजिन नाहीसं झालं असलं, तरी माणसांना ते पटकन सापडत नव्हतं. मधला कोरा पडदा काढला, की फरक लगेच डोळ्यात भरायचा, कारण तिथे हालचाल जाणवायची. म्हणजे पडद्यावरचा मजकूर एका झटक्यात बदलला, तर नेमकं काय बदललं हे आपल्याला दिसेलच असं नाही. पत्र काढून टाकल्यावर खालची पत्रं सावकाश वर सरकली, तर कोणतं गेलं ते कळतं. मॅकवर पासवर्ड चुकला की चौकट डावीउजवीकडे हलते. मान हलवून ‘नाही’ म्हणण्याची भाषा जिथे चालते, तिथे एकही अक्षर न वाचता ती समजते. कमी शिकलेल्या किंवा परक्या भाषेतला फोन वापरावा लागणाऱ्या माणसासाठी अशी हालचाल म्हणजे मोठाच आधार आहे. म्हणूनच तिच्यात खोट शिरली, की सगळ्यात जास्त नुकसानही त्याचंच होतं.

आता लोडिंगचं चक्र घ्या. आपल्या फोनवर सगळ्यात जास्त वेळा दिसणारं ॲनिमेशन बहुधा तेच असेल. ते फिरताना आपण काय समजतो? पलीकडे आपलं काम चालू आहे, थांबा. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ते चक्र आपला फोनच फिरवत असतो. पलीकडच्या सर्व्हरशी त्याचा काही संबंध नसतो. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं ‘उत्तर येईपर्यंत हे फिरव’ एवढंच सांगितलेलं असतं. उत्तर यायला किती वेळ लागला तर थांबायचं, हे ठरवलं नसेल, तर मधेच रेंज गेली, सर्व्हर बंद पडला, विनंती हवेत विरली, तरी चक्र तितक्याच उत्साहानं फिरत राहतं.

शहरात चांगल्या नेटवर ही गोष्ट फारशी टोचत नाही. पण ई-पीक पाहणीसाठी शेतकरी बांधावर उभा राहून पिकाचा फोटो चढवतो, तेव्हा त्याच्या दृष्टीनं त्या चक्राला फार मोठा अर्थ असतो. तो ऊन्हात उभा राहतो, कारण पडदा त्याला ‘चालू आहे’ असं सांगतो. त्याला खरी परिस्थिती हवी आहे: फोटो गेला, किंवा गेला नाही, किंवा फोनमध्ये जपून ठेवलाय आणि रेंज आली की आपोआप जाईल, तुम्ही घरी जा. यातलं शेवटचं वाक्य दाखवायला मेहनत लागते. फोटो साठवावा लागतो, पुन्हा पाठवण्याची सोय करावी लागते. चक्र फिरवायला दोन ओळी पुरतात. स्वस्तातली हालचाल अशी प्रामाणिक कामाच्या जागी येऊन बसते, हा माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे.

किती काम झालं ते दाखवणारी पट्टी चक्रापेक्षा बरी. ब्रॅड मायर्सनं १९८५ मध्येच अभ्यास करून दाखवलं होतं, की टक्केवारी दाखवणारी पट्टी लोकांना हवी असते. किती उरलं ते कळलं की माणूस दुसऱ्या कामाला लागू शकतो. पण पुढे या पट्टीचाही वापर वळणं घेत गेला. ख्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं, की तेवढाच वेळ घेणारी पट्टी शेवटी वेग घेत असेल तर ती लवकर संपली असं वाटतं. २०१० मध्ये त्यांनी पट्टीवर उलट्या दिशेनं सरकणाऱ्या रेघा घातल्या आणि भासणारा वेळ ११ टक्क्यांपर्यंत कमी झाला. मायकेल नॉर्टन आणि रायन ब्युएल यांच्या २०११ मधल्या प्रयोगांत तर असं दिसलं, की प्रवासाची तिकिटं शोधून देणारं संकेतस्थळ ‘आता ही विमानं तपासतोय, आता ती’ असं काम दाखवत राहिलं, तर काही वेळा लोकांना ते लगेच उत्तर देणाऱ्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

हे सगळं संशोधन मोलाचं आहे. पण त्याचा वापर दोन दिशांना होतो. वाट पाहावी लागणारच असेल, तर ती सुसह्य करणं हे सौजन्य झालं. उत्तर तयार असताना ते मुद्दाम रोखून ‘शोधतोय, शोधतोय’ असं दाखवणं हा खोटेपणा झाला, मग त्यानं ग्राहक खूश होत असला तरी. साध्या चॅटबॉटचं ठरलेलं उत्तर क्षणात तयार असतं, तरी आधी तीन टिंबं नाचवतात, म्हणजे पलीकडे कुणी माणूस टाइप करतंय असं वाटावं. अशा गोष्टींना हितकारक फसवणूक म्हणण्याची पद्धत मानव-संगणक संवादाच्या अभ्यासात आहे. मला ती सवलत मान्य नाही, निदान जिथे पैसा, हक्क किंवा आरोग्य गुंतलंय तिथे तरी नाही. हित कुणाचं, हे ठरवणारा तिथे फसवणारा स्वतःच असतो.

खरेदीच्या ॲपवर लाल आकड्यांनी उलटं मोजणारं घड्याळ तर उघडच दिसतं. ‘सवलत संपायला चार मिनिटं’. पान बंद करून पुन्हा उघडावं, तर परत चार मिनिटं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविषयीची, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या रचनांविषयीची, मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यांत १३ प्रकार दिले आहेत आणि पहिलाच प्रकार खोट्या घाईचा आहे. चांगली सुरुवात आहे ही. मात्र त्यात विचार मुख्यतः शब्दांचा, दाव्यांचा आणि स्थिर रचनेचा आहे. ‘फक्त दोनच उरले’ असं लिहिलेलं पकडता येतं, ‘नाही’चं बटण फिकट केलेलंही पकडता येतं. पण ‘नाही, नको’ हे बटण निश्चल ठेवायचं आणि शेजारचं ‘घ्या’ हे बटण धडधडत ठेवायचं, हा दावा एकाही अक्षरात नसतो. तो नुसत्या हालचालीत असतो. नियम लिहिणाऱ्यांनी हालचालीलाही दावा मानलं, तर असली बटणं निःसंशय त्यांच्या कक्षेत येतील.

वेळेचाही मुद्दा आहे, आणि त्यावर लोकांनी आपला कौल कधीच दिला आहे. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ‘फोन फार स्लो झालाय’ अशी तक्रार घेऊन जा. दुकानातला मुलगा सेटिंगमध्ये जाऊन ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारतो, डेव्हलपर पर्याय उघडतो आणि खिडक्यांचं, पडदा बदलण्याचं आणि ॲनिमेटरचं असे हालचालींचे तीन कालावधी एकवरून अर्ध्यावर आणतो. ‘बघा आता’. आणि फोन खरंच चपळ वाटतो. प्रोसेसर तोच आहे, मेमरी तीच आहे. दर टिचकीमागे जो वेळ शोभेच्या हालचालीसाठी राखून ठेवला होता, तेवढा त्यानं परत मिळवून दिला. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं, दाखवणाऱ्या पडद्यावर एका फ्रेमला मिळतात जेमतेम १६.७ मिलिसेकंद. डिझायनर ज्या महागड्या फोनवर काम बघतो, तिथे तेवढ्यात सगळं रंगवून होतं. सहा-सात हजारांच्या जुन्या फोनवर होत नाही. फ्रेमा गळतात, लोण्यासारखं सरकायला हवं ते धक्के खात सरकतं. सफाई दाखवण्यासाठी घातलेली हालचाल तिथे फोनच्या गरिबीची जाहिरात करते.

आता शरीराकडे येऊ. या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

घाटात गाडी लागते, तेव्हा कान सांगतो हलतोय आणि पुस्तकावर किंवा समोरच्या सीटवर खिळलेले डोळे सांगतात स्थिर आहे. या विसंवादानं मळमळतं. मोबाइलवर नेमकं उलट होतं. माणूस खुर्चीत स्थिर बसलेला असतो, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा तसंच सांगत असते, आणि डोळ्यांपुढे अख्खा पडदा आपल्यावर धावून येतो किंवा बाजूला पळतो. बहुतेकांना काही होत नाही. ज्यांच्या आतल्या कानात दोष आहे, अर्धशिशी आहे, त्यांना गरगरतं, डोकं दुखतं, कधी तासन् तास पडून राहावं लागतं. ॲपलची आयओएस ७ ही प्रणाली १८ सप्टेंबर २०१३ ला आली. तिच्यात ॲप उघडताना पडदा झेप घेऊन आत शिरायचा, फोन कलवला की मागचं चित्र वेगळ्या वेगानं सरकायचं. मळमळीच्या, चक्कर येण्याच्या तक्रारी लगेच सुरू झाल्या. पुढच्याच महिन्यात, ७.०.३ या आवृत्तीत, ‘हालचाल कमी करा’ ही सेटिंग वाढवून ती झेपही बंद करता येईल आणि तिच्या जागी नुसतं विरत जाणं दिसेल अशी सोय करावी लागली.

असे लोक किती? अमेरिकेत २००१ ते २००४ या काळातल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत लोकांना डोळे मिटून फोमच्या गादीवर उभं राहायला सांगून तोल तपासला होता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार चाळिशी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांमध्ये तोलाच्या यंत्रणेत बिघाडाची चिन्हं दिसली. या सगळ्यांना फोन बघून चक्कर येते असा याचा अर्थ नाही. पण तोल सांभाळणं वयानुसार कच्चं होत जातं आणि ही मूठभरांची अडचण नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

माझ्या आत्याला चक्कर येण्याचा जुना त्रास आहे. विम्याचा एक अर्ज तिला मोबाइलवरच भरायचा होता. त्या ॲपमध्ये ‘पुढे’ दाबलं की अख्खं पान डावीकडे भिरकावलं जायचं आणि नवं पान उजवीकडून येऊन किंचित हेलकावे खात थांबायचं. आत्या ‘पुढे’ दाबायची आणि डोळे मिटून घ्यायची. मग विचारायची, ‘सरकलं का रे?’ मी हो म्हटलं की डोळे उघडून पुढचा रकाना वाचायची. तिच्या फोनमध्ये ॲनिमेशन बंद करण्याची सेटिंग मी चालू करून दिली. फोनचं बाकी सगळं शांत झालं. ते ॲप मात्र तसंच हेलकावे खात राहिलं, कारण ते बनवणाऱ्यांनी फोन काय सांगतोय ते विचारायची तसदीच घेतली नव्हती. एक बाई डोळे मिटून आपल्याच विम्याचा अर्ज भरतेय, हे दृश्य त्या ॲपच्या बैठकीत कुणी पाहिलं असतं, तर तो हेलकावा तिथे राहिला असता असं मला वाटत नाही.

आणि ही तसदी खरोखर छोटी आहे. वेबसाठी ‘प्रेफर्स रिड्यूस्ड मोशन’ ही सोय सफारी ब्राउझरमध्ये २०१७ पासून आहे, फायरफॉक्स आणि क्रोममध्ये २०१९ पर्यंत आली. ब्राउझर संकेतस्थळाला सांगतो, की या माणसानं हालचाल कमी मागितली आहे. ऐकायचं की नाही, हे संकेतस्थळाच्या हातात. ऐकणं म्हणजे सगळं गोठवून टाकणंही नव्हे. पान भिरकावण्याऐवजी विरघळवून बदला. झूम करण्याऐवजी रंग बदला. जी माहिती हालचाल देत होती ती दुसऱ्या मार्गानं द्या, बस.

हालचालीचं आणखी एक वैशिष्ट्य आहे, ज्यामुळे हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. नजरेच्या कडेला काही हललं, की डोळा आपसूक तिकडे जातो. मजकूर वाचायचा नाही असं ठरवता येतं. हालचाल बघायची नाही असं ठरवता येत नाही. म्हणून कडेला सतत लुकलुकणारं काहीही ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या लक्षावर न विचारता हात टाकणं आहे.

आपल्या कितीतरी सरकारी संकेतस्थळांवर ही खोड मुरलेली आहे. वर सरकती सूचना, बाजूला खालून वर चढत जाणारी परिपत्रकांची यादी, प्रत्येक ओळीपुढे लाल-पिवळं लुकलुकणारं ‘न्यू’, आणि त्या ‘न्यू’चं परिपत्रक कधी कधी कित्येक महिने जुनं. म्हणजे इथे हालचाल लादलेलीही आहे आणि खोटीही. सरकत्या ओळीवर बोट ठेवावं तर ती निसटते. चुकून खालचा दुवा उघडतो. थरथरत्या हातांच्या माणसानं काय करायचं? सावकाश वाचणाऱ्यानं काय करायचं? अशा सरकत्या ओळीसाठीचा जुना एचटीएमएल टॅग, म्हणजे वेबपानाच्या भाषेतली खूण, मानकानं कधीच कालबाह्य ठरवलाय. लुकलुकणाऱ्या अक्षरांचा टॅग तर फायरफॉक्सनं २०१३ मध्ये काढूनच टाकला.

संकेतस्थळं अपंगांसह सगळ्यांना वापरता यावीत यासाठीच्या जागतिक सुगम्यता मानकात, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, याबद्दल स्पष्ट नियम आहे. आपोआप सुरू होणारी, पाच सेकंदांहून जास्त चालणारी आणि इतर मजकुराच्या शेजारी दिसणारी हालचाल थांबवण्याची सोय असलीच पाहिजे. हा सगळ्यात खालच्या, अनिवार्य पातळीचा नियम आहे. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काही चमकू नये, हाही त्याच पातळीवरचा. चमकण्यानं काय होतं ते जपाननं १६ डिसेंबर १९९७ ला पाहिलं: पोकेमॉन मालिकेच्या एका भागात लाल-निळा झगमगाट झाला आणि सुमारे ६८५ जणांना, त्यांत बहुतेक मुलं, रुग्णालयात न्यावं लागलं.

आपल्याकडच्या सरकारी संकेतस्थळांसाठीची जीआयजीडब्ल्यू ही मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत. २०२३ मधली तिसरी आवृत्ती डब्ल्यूसीएजी २.१ ची मधली, ‘एए’ पातळी धरते. म्हणजे सरकत्या पट्ट्यांचा नियम कागदावर आपल्यालाही लागू आहे. फट आहे ती पुढे. टिचकी मारल्यावर होणारी अनावश्यक हालचाल बंद करता आली पाहिजे, हा नियम २०१८ मध्ये आला, पण सगळ्यात वरच्या, ऐच्छिक ‘एएए’ पातळीवर. आत्याचा हेलकावा नेमका त्या फटीत बसतो. नियम पाळूनही तिला चक्कर आणता येते. ही पातळी बदलायला जगाची वाट बघण्याचं कारण नाही. आपण आपल्या मानकात तो एक नियम अनिवार्य करू शकतो.

सर्वोच्च न्यायालयानं यासाठी जमीन तयार करून ठेवली आहे. आठ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात न्यायालयानं म्हटलं, की सुगम्यतेचे किमान नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. पुढच्या वर्षी, ३० एप्रिल २०२५ ला, प्रज्ञा प्रसून प्रकरणाचा निकाल आला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया बँकेच्या ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणीत, अडकत होत्या. तुम्ही जिवंत व्यक्ती आहात हे सिद्ध करायला कॅमेऱ्यापुढे पापणी मिटा, अशी अट होती, आणि त्यांना पापणी मिटता येत नव्हती. न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले. मला हा निकाल आपल्या विषयाच्या फार जवळचा वाटतो. तिथे पडद्यानं माणसाकडून हालचाल मागितली होती. इथे पडदा माणसावर हालचाल टाकतो. दोन्हीकडे बनवणाऱ्यानं धरून चाललेलं शरीर एकच: तरुण, निरोगी, तोल पक्का, पापण्या शाबूत.

डिझायनर मित्र यावर म्हणतात, की नियमांनी सगळं कोरडं होईल, पडद्याचा जीव जाईल. आनंदाचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. गणित सुटल्यावर मुलाच्या पडद्यावर चांदण्या उधळल्या, तर उधळोत. खेळात, गोष्टीत, चित्रात हालचालीला मोकळं रान हवं. तिथे माणूस हालचालीसाठीच आलेला असतो. पण वीजबिल भरायला आलेला माणूस वीजबिल भरायला आलेला असतो. आणि हलतं चित्र नेहमी चांगलं समजतं, हा समजही तपासून घ्यायला हवा. बार्बरा ट्वर्स्की आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्यावरचे अनेक अभ्यास पारखले, तेव्हा तेवढीच माहिती देणाऱ्या स्थिर चित्रांपेक्षा ॲनिमेशन सरस ठरल्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. बऱ्याचदा हालचाल इतकी भरभर किंवा गुंतागुंतीची असते, की ती नीट टिपताच येत नाही.

शिवाय ऑर्डिंगचं ते ताणलं जाणं कुठल्याही नियमात बसतं. ते खरं बोलतं, बोटाबरोबर सुरू होतं, बोटाबरोबर थांबतं. नियमांनी मरते ती दुसरी हालचाल, जिला सांगण्यासारखं काही नसतं.

मग करायचं काय? कायदा बदलायला वेळ लागेल. निविदा उद्या बदलता येते. राज्यातल्या कुठल्याही खात्याचं ॲप किंवा संकेतस्थळ कंत्राटदार बनवतो आणि तो निविदेत लिहिलेलं देतो. तिथे चार ओळी वाढवाव्यात. फोननं हालचाल कमी मागितली, तर ॲपनं ती पाळावी. आपोआप चालणारी प्रत्येक हालचाल थांबवता यावी. यशाची टिक पलीकडून खरोखर होकार आल्यावरच उमटावी. आणि ठरावीक सेकंदांत उत्तर आलं नाही, तर चक्र थांबून काय झालं ते मराठीत सांगितलं जावं. कंत्राटदाराचं शेवटचं बिल मंजूर करण्याआधी खात्यातल्या कुणीतरी चार-पाच वर्षं जुना स्वस्त फोन घ्यावा, त्यात ॲनिमेशन बंद करावं, अर्ज भरायला घ्यावा आणि मधेच नेट तोडावं. तरीही पडदा ‘काम चालू आहे’ असं सांगत राहिला, तर बिल अडवावं.